एकाच वाळूवरचे दोघे

श्रोतेहो, नमस्कार.

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर कधीकधी दोन प्राणी एकाच पुळणीवर दुपारचं ऊन खात पडलेले दिसतात. एक करड्या रंगाचा, गुबगुबीत मंक सील आणि दुसरं पाठीवर शेवाळ वागवणारं हिरवं कासव. लांबून दोघेही खडकच वाटावेत. दोघेही समुद्राचे, आणि श्वासासाठी दोघांनाही पाण्यावर यावंच लागतं. पण थोडं जवळून बघू या.

सील झोपला की त्याच्या नाकपुड्या मिटलेल्या असतात, दोन बारीक चिरांसारख्या. श्वास घ्यायचा झाला की तो स्नायू ताणून त्या उघडतो, भुस्सकन हवा सोडतो, नवी ओढून घेतो आणि चिरा पुन्हा मिटतात. कासवाच्या डोळ्यांतून मात्र चिकट पाणी ओघळत असतं. मादी अंडी घालताना रडते, असं माणसांना फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. खरं तर पोटात गेलेलं जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते. सीलच्या शरीरात हे काम मूत्रपिंडं करतात.

खाण्याचं थोडक्यात सांगते. सील समुद्राच्या तळाशी जाऊन मासे, ऑक्टोपस, वाम धरतो. मोठं झालेलं हिरवं कासव मुख्यतः शेवाळ आणि समुद्री गवतावर जगतं. त्याची चरबी हिरवट असते, त्यावरून हे नाव पडलं. कवच पाहून नव्हे.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते दोघांचं आईपण. सील मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, काळंभोर, साधारण 15 किलोचं. पुढचे पाच-सहा आठवडे ती त्याला पाजते आणि या काळात स्वतः जवळजवळ काहीच खात नाही. पिल्लू डोळ्यांदेखत फुगत जातं, आई तशीच खंगत जाते. एक दिवस ती समुद्रात निघून जाते, आणि शिकार कशी करायची ते पिल्लाला एकट्यालाच शिकावं लागतं.

कासवीण येते रात्री. मागच्या वल्ह्यांनी ओंजळीएवढी वाळू उचलत खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून परत फिरते. पिल्लांचं तोंड ती कधीच पाहत नाही. पुढचे दोनेक महिने अंडी उबवते ती वाळू. मादी की नर, हेही वाळूची ऊबच ठरवते: जास्त तापली तर माद्या अधिक.

अमेरिकेच्या कायद्याचं संरक्षण सीलला 1976 मध्ये मिळालं, कासवाला 1978 मध्ये. कासवांवर मोठा घाव होता माणसाच्या शिकारीचा. ती थांबली आणि हवाईत कासवं हळूहळू वाढली. सील मात्र आजही सुमारे 1600 च आहेत. गळाचे आकडे, जाळी, तरुण पिल्लांची उपासमार, मांजरांच्या विष्ठेतून समुद्रात पोचणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी. यांतलं काहीच एका बंदीने थांबत नाही. त्यांचा कॅरिबियन भाऊबंद 1952 नंतर कुणाला खात्रीने दिसलेला नाही, हे आठवलं की 1600 हा आकडा फार लहान वाटतो.

आणि वाळू तर दोघांनाही हवी. ऑक्टोबर 2018 मध्ये वालाका चक्रीवादळाने ईस्ट आयलंड नावाचं चिमुकलं बेट बहुतेक धुऊन नेलं. तिथे कासवं अंडी घालत आणि सीलही पिल्लांना जन्म देत. एका रात्रीत दोघांचंही बाळंतघर गेलं.

हवाईत पुळणीवर फिरणाऱ्यांना सांगितलं जातं: कासवापासून 10 फूट लांब राहा, सीलपासून 50 फूट, आणि सीलजवळ पिल्लू असेल तर 150 फूट. कधी तिथे गेलात आणि वाळूवर एखादा खडक श्वास घेताना दिसला, तर तेवढं अंतर ठेवून थांबा. त्या नाकपुड्या उघडताना इतक्या लांबूनही ऐकू येतात का, ते बघा.

नमस्कार.