उपग्रहातली उष्णतानलिका विमानात का अडखळते?

नमस्कार. माझ्या हातातली ही चपटी तांब्याची नळी एका जुन्या लॅपटॉपमधून काढलेली आहे. तिला पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही सुटा भाग नाही. तरीही तेवढ्याच जाडीची भरीव तांब्याची पट्टी जेवढी उष्णता या टोकाकडून त्या टोकाकडे नेईल, तिच्या कित्येक पट उष्णता ही नळी नेते. हिला हीट पाइप म्हणतात. आपण उष्णतानलिका म्हणू. हिच्याच जातीच्या नळ्या उपग्रहांत असतात आणि विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतही असतात. मात्र उपग्रहातली नळी काढून जशीच्या तशी विमानात बसवली, तर ती बहुधा काम करणार नाही. आजचा विषय हाच आहे.

आधी नळीच्या आत काय चालते ते पाहू. नळीतली हवा पूर्णपणे काढून टाकून तिच्यात अगदी थोडा द्रव भरतात आणि तोंड कायमचे बंद करतात. आतल्या भिंतीला एक सच्छिद्र अस्तर किंवा बारीक खाचा असतात; त्याला वात म्हणतात, आणि हे नाव अगदी सार्थ आहे, कारण समईची वात ज्या केशाकर्षणाने तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने हे अस्तर द्रव ओढते. गरम टोकाशी द्रवाची वाफ होते आणि बाष्पनाचा अप्रकट उष्मा घेऊन ती थंड टोकाकडे धावते. तिथे तिचे पुन्हा पाणी होते, म्हणजे खरे तर जो द्रव भरला असेल तो होतो, आणि वात त्याला परत गरम टोकाशी आणून सोडते. एवढ्याशा द्रवाने काय होणार, असे वाटेल. पण द्रव अमोनिया असेल, तर 100 वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी सेकंदाला एक दशांश ग्रॅमपेक्षाही कमी अमोनियाची वाफ होणे पुरते.

या कल्पनेचे पेटंट जनरल मोटर्समधल्या गॉगलर यांनी 1942 मध्येच मागितले होते, पण तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1963 मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि ‘हीट पाइप’ हे नावही दिले. 1967 मध्ये अशी नळी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत तपासून झाली, आणि 1968 मध्ये सोडलेल्या जिओस-2 या उपग्रहात तिला प्रत्यक्ष काम मिळाले.

अवकाशात तिची गरज इतकी का भासते? तिथे हवा नाही, त्यामुळे वारा घालून काही थंड करता येत नाही. उपग्रहातली उष्णता शेवटी प्रारणानेच बाहेर पडते. सुमारे 27 अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर आदर्श काळा पृष्ठभाग सुमारे 460 वॅट उष्णता फेकतो, त्याहून अधिक नाही. भूस्थिर संचार उपग्रहात हे काम मुख्यतः उत्तर आणि दक्षिण बाजूंची पटले करतात. आता एखादा शक्तिशाली प्रवर्धक पटलाच्या एका कोपऱ्यात तापत असेल आणि उरलेले पटल थंड पडून असेल, तर तो थंड भाग वाया गेला. म्हणून मधाच्या पोळ्यासारख्या रचनेच्या या पटलांमध्येच अॅल्युमिनियमच्या नळ्या पुरतात आणि एका ठिकाणची उष्णता सगळीकडे पसरवतात. इस्रोच्या संचार उपग्रहांतही हीच पद्धत आहे.

या नळ्यांत पाणी नसते, अमोनिया असतो. पाणी शून्य अंशाला गोठते, अमोनिया उणे 78 अंशांच्या आसपास. शिवाय पाण्याची अॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. हा वायू थंड टोकाशी साचतो आणि वाफेला तिथे पोहोचू देत नाही. गंमत म्हणजे हाच दोष अभियंत्यांनी पुढे कामाला लावला. नळीत मोजून थोडा निष्क्रिय वायू मुद्दाम ठेवला, की उपकरण थंड असताना तो थंड टोक अडवून धरतो, आणि उपकरण तापले की वाफेच्या दाबाने मागे सरतो. तापमानाचे नियंत्रण आपोआप होते, वीज लागत नाही. 1972 च्या कोपर्निकस या अवकाशवेधशाळेवर असा प्रयोग झाला होता.

[पडद्यावर : दोन नळ्यांचे उभे छेद, एकीत खाचा, दुसरीत तापवून जोडलेली धातूची भुकटी]

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपग्रहातल्या नळीची वात म्हणजे भिंतीतल्या लांबच लांब सरळ खाचा. त्यांतून द्रव सहज वाहतो, पण त्यांची ओढ अगदी दुबळी असते. अशी वात पृथ्वीवर अमोनिया जेमतेम सेंटिमीटरभर उचलते. कक्षेत उचलायचेच काही नसते, त्यामुळे तिथे ती उत्तम चालते. जमिनीवर चाचणी घेताना मात्र नळ्या काटेकोरपणे आडव्या ठेवाव्या लागतात; काही मिलिमीटरचा उतार पडला, तरी चांगली नळी बिघडल्यासारखी वाटते.

विमान तर आडवे राहतच नाही. ते नाक वर करून उड्डाण करते, वळताना कलते, आणि लढाऊ विमानाच्या तीव्र वळणात प्रत्येक वस्तूचे वजन नऊपट होऊ शकते. 12 किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एक चतुर्थांश असल्याने पंख्याचाही जोर ओसरतो, म्हणून नळी तर हवीच. तिथे धातूच्या भुकटीची वात वापरतात. छिद्रांची त्रिज्या 20 मायक्रॉन धरली, तर ही वात पाणी सुमारे 70 सेंटिमीटर उचलू शकते, अर्थात वाहण्यातला विरोध हिशेबात न धरता; नऊपट वजनाखाली हाच आकडा आठ सेंटिमीटरच्याही खाली येतो. छिद्रे आणखी बारीक करावीत, तर ओढ वाढते, पण द्रवाला त्यांतून वाट काढणे अवघड होते.

या पेचावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्गमध्ये, मायदानिक आणि गेरासिमोव्ह यांनी 1972 मध्ये काढला. त्यांनी अतिशय बारीक छिद्रांची वात फक्त गरम टोकाशी ठेवली, आणि वाफेच्या व द्रवाच्या वाटा साध्या, गुळगुळीत, वेगळ्या नळ्यांतून नेल्या. ओढ जबरदस्त आणि विरोध थोडा, असे दोन्ही साधले. ही वळसेदार रचना आज उपग्रहांतही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

साध्या नळीनेच भागवायचे असेल, तर विमानात तिचे गरम टोक खाली आणि थंड टोक वर ठेवतात. लढाऊ विमानाच्या वळणात वाढलेले वजन बहुतांशी विमानाच्या तळाच्या दिशेनेच असते, त्यामुळे ते द्रवाला गरम टोकाकडे परत ढकलते आणि वातीचे काम हलके होते. विमान उलटे झाले की मात्र हीच मांडणी आड येते, आणि तेवढे काही सेकंद उपकरणाच्या पेटीच्या धातूलाच उष्णता पोटात घ्यावी लागते.