डोळे उघडणारे मास्तर : योझेफ आल्बर्स

पडद्यावर चौरस दिसताहेत. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. सगळे पिवळ्याच्या जातीतले. जरा वेळ नजर ठेवा. आतला चौरस पुढे येतोय, की खोल चाललाय?

योझेफ आल्बर्स यांनी १९५० पासून १९७६ पर्यंत असे चौरस हजाराहून जास्त वेळा रंगवले. मालिकेचं नाव ‘चौरसाला मानवंदना’. मांडणी जवळपास ठरलेली, बदलत गेले ते रंग. हा हट्ट समजून घ्यायचा तर त्यांच्या वर्गात जाऊन बसावं लागेल. कारण आल्बर्स आधी मास्तर झाले, चित्रकार नंतर.

जर्मनीच्या रुर भागातलं बॉट्रोप हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथे १९ मार्च १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रंगारी, सुतारकामही जाणणारे. दार रंगवताना मधून सुरुवात करावी आणि कडेकडे जावं, म्हणजे ओघळ आवरतात आणि बाह्या स्वच्छ राहतात, ही वडिलांची शिकवण. आल्बर्स म्हातारपणीही ती सांगत. चौरसही ते आतून बाहेरच रंगवत.

१९०८ पासून ते प्राथमिक शाळेत शिकवू लागले. मग बर्लिन, एसेन, म्युनिक इथे कलेचं शिक्षण. आणि १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, वायमारच्या बाउहाउस या नव्या कलाशाळेत ते पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. युद्धानंतरची ओढगस्त, सामान घ्यायला पैसे नाहीत. पाठीला पिशवी आणि हातात हातोडा घेऊन ते गावच्या उकिरड्यावर जात, फुटक्या बाटल्या गोळा करत. त्या तुकड्यांमधून त्यांची काचचित्रं तयार झाली. १९२३ मध्ये संस्थापक वाल्टर ग्रोपियस यांनी त्यांना नव्या मुलांचा वर्ग घ्यायला सांगितलं.

त्या वर्गातला एक प्रसंग एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलाय. आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येकाला कागद दिला. म्हणाले, या कागदाचा मान राखून काहीतरी करा, जमलं तर कात्री न लावता, डिंक न लावता. आणि निघून गेले. परत येईपर्यंत कुणी किल्ला केला होता, कुणी होडी, कुणी विमान. आल्बर्सना ते पटलं नाही. या वस्तू दुसऱ्या कशाच्याही झाल्या असत्या! मग एका मुलाचं काम त्यांनी उचललं. त्याने कागदाला फक्त उभी घडी घातली होती. एरवी लोळणारा कागद आता आपल्या धारेवर उभा होता आणि दोन्ही अंगांनी दिसत होता. कागदाला काय जमतं, ते त्या मुलाने कागदालाच विचारलं होतं. कलाशिक्षणावरची जाड पुस्तकं या एका तासापुढे मला फिकी वाटतात.

१९३३. नात्झींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. आल्बर्स यांच्या पत्नी आनी, स्वतः मोठ्या विणकाम-कलाकार, ज्यू घराण्यातल्या. देश सोडणं भाग होतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक माउंटन कॉलेज नुकतंच उघडत होतं, तिथून बोलावणं आलं. इंग्रजी जेमतेम. काय शिकवणार, असं विचारल्यावर त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं : डोळे उघडायला.

१९५० मध्ये ते येल विद्यापीठात गेले. रंगांच्या तासाला ते रंग कालवायला देत नसत, रंगीत कागद देत. कारण कागदाची छटा प्रत्येक वेळी तीच राहते. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे, एक काळ्यावर ठेवायचा, एक पांढऱ्यावर. पहिला उजळ दिसतो, दुसरा गडद. मुलं पैजेवर सांगत, हे दोन वेगळे कागद आहेत. आल्बर्स पार्श्वभूमी काढून घेत. शेजार बदलला की रंग बदलतो, हे कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी फसून कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. हे सगळे धडे १९६३ मध्ये ग्रंथरूपात आले.

स्वतःच्या चित्रांतही तीच शिस्त. हार्डबोर्डचा फळा, ट्यूबमधून थेट घेतलेला रंग, सुरीने सपाट पसरलेला. कुठला रंग, कुठल्या कंपनीचा, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन भरवलं. हयात कलाकाराला तिथे मिळालेला तो पहिला असा मान. २५ मार्च १९७६ रोजी न्यू हेवनमध्ये ते गेले.

मास्तर कडक होते. पुढे नावाजलेला चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्ग, त्याच्यासारखा मनस्वी विद्यार्थीही त्यांना वचकून असे, पण आपले सर्वांत महत्त्वाचे गुरू म्हणून पुढे त्याने त्यांचंच नाव घेतलं. आणि त्यांची दुसरी विद्यार्थिनी, शिल्पकार रूथ असावा (‘असावा’ हे आडनाव). जपानी वंशाची म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतच छावणीत डांबलेली, त्याच कारणाने शिक्षिकेचं प्रशिक्षण अर्धवट राहिलेली. ती १९४६ मध्ये ब्लॅक माउंटनला आली. साध्या तारेतून तिने हवेत तरंगणारी शिल्पं विणली आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांमध्ये मुलांना कला शिकायला मिळावी म्हणून अनेक वर्षं झगडली. तिथल्या सरकारी कलाशाळेला २०१० पासून तिचं नाव आहे.