सलाईनचा हिशेब : अत्यवस्थ मुले आणि द्रवसंतुलन

अतिदक्षता विभागात मुलाच्या हाताला सलाईन लागले की आईवडिलांना धीर येतो, आणि तो अकारण नसतो. जुलाबांनी सुकून गेलेले मूल शिरेतून दिलेल्या द्रवाने डोळ्यांदेखत सावरते. तरीही सलाईन हे औषध आहे आणि त्याची मात्रा चुकली तर अपाय होतो, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे.

याचा सर्वांत ठोस पुरावा आफ्रिकेतून आला. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत तीव्र ताप आणि खालावलेले रक्ताभिसरण असलेल्या 3,141 मुलांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली होती. दोन गटांना सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातील एका प्रथिनाचे द्रावण) झपाट्याने दिले गेले, तिसऱ्याला तसे दिले गेले नाही. 48 तासांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या दोन गटांत साधारण साडेदहा टक्के होते, तर तिसऱ्यात 7.3 टक्के. जानेवारी 2011 मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. जुलाब-उलट्यांनी आजारी झालेली आणि तीव्र कुपोषित मुले तिच्यात नव्हती, शिवाय तेथे व्हेंटिलेटरसारख्या सोयीही नव्हत्या, म्हणून तिचा निष्कर्ष जसाच्या तसा सर्वत्र लावता येत नाही. सेप्सिसविषयीच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या स्थितीविषयीच्या, 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हाच भेद जपला आहे : अतिदक्षतेची सोय नसेल आणि रक्तदाब खालावलेला नसेल, तर झपाट्याने द्रव देऊ नये.

पहिला तास सरल्यानंतरच्या दिवसांकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. दहा किलो वजनाच्या मुलाला तीन दिवसांत 3,400 मिलिलिटर द्रव मिळाला आणि लघवी वगैरे मिळून 2,200 मिलिलिटर बाहेर पडला, तर 1,200 मिलिलिटर, म्हणजे दाखल होतानाच्या वजनाच्या 12 टक्के पाणी अंगात राहिले. चार्टवर नजर टाकली तर मुख्य सलाईन बेताचेच असते; बाकीचे पाणी अँटिबायोटिक पातळ करण्यासाठी, प्रत्येक इंजेक्शननंतर नळी धुण्यासाठी, सिरिंज पंपावरील औषधांसोबत थोडेथोडे गेलेले असते. त्यातच गंभीर आजारात शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक अधिक स्रवते, त्यामुळे निरोगी मुलाच्या गरजेवरून काढलेले प्रमाण या मुलाला जास्त ठरते.

केशवाहिन्या गळक्या झालेल्या असताना हे पाणी रक्तात टिकत नाही, ऊतींमध्ये उतरते. फुप्फुसे ताठर होतात, व्हेंटिलेटर लवकर निघत नाही, मूत्रपिंडे सुजतात आणि लघवी आणखी कमी होते. रक्त पातळ झाल्यामुळे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा खोटा दिलासा देतो, हे तर फारच घातक. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 44 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात द्रवाधिक्य, म्हणजे वजनाच्या तुलनेत अंगात राहिलेले जादा पाणी, एका टक्क्याने वाढले की मृत्यूची शक्यता सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेली आढळली. अधिक आजारी मुलांना द्रवही अधिक दिला जातो, तेव्हा सगळा दोष पाण्याचाच असे म्हणता येणार नाही. पण फीस्टनंतर पाण्याला निर्दोषही म्हणता येत नाही.

म्हणून डायपरचे वजन करणाऱ्या परिचारिकेची नोंद मला अत्यंत मोलाची वाटते. कोरड्या आणि ओल्या डायपरच्या वजनातील प्रत्येक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर लघवी. सकाळच्या राउंडला तापाच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने ही बेरीज-वजाबाकी वाचली गेली पाहिजे.

आपल्याकडे पावसाळ्यात याची कसोटी डेंग्यूत लागते. शॉकमधील, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या, मुलाला सुरुवातीला द्रव हवाच, अन्यथा ते वाचणार नाही. पण प्लाझ्माची, म्हणजे रक्तातील द्रवभागाची, गळती साधारण एक-दोन दिवसांत थांबते आणि बाहेर गेलेले पाणी आपणहून रक्तात परतू लागते. नाडी भरलेली आहे, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) उतरते आहे, लघवी भरपूर होते आहे आणि मूल खायला मागते आहे, अशा वेळी सलाईन आदल्या रात्रीच्याच वेगाने चालू राहिले, तर बऱ्या होत आलेल्या मुलाला धाप लागते. रक्तस्राव होत नसल्याची खात्री करून सलाईन बंद करण्याचा निर्णय त्याच वेळी घ्यायचा असतो.