बांध कोणाच्या ताब्यात?

मंडळी, सप्टेंबर २०१८ मध्ये बांगलादेशाने 'डेल्टा प्लॅन २१००' हा पाणी आणि हवामानबदलासाठीचा दीर्घकालीन आराखडा मंजूर केला. तो तयार करायला नेदरलँड्सची मदत होती. दोन्ही देश नद्यांच्या मुखाशी, गाळाच्या सखल जमिनीवर वसलेले, म्हणून हवामानबदलाला तोंड देणारा कारभार कोणाचा किती तयार आहे हे पाहायला ही जोडी मला बरी वाटते. श्रीमंत देश सज्ज आणि गरीब देश हतबल, असं म्हणून मोकळं होता येत नाही, ते इथे लगेच कळतं.

चक्रीवादळांचंच घ्या. १९७० च्या भोला वादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९९१ मध्ये सुमारे एक लाख अडतीस हजार. २००७ चं सिद्र वादळही भयंकरच होतं, पण त्यात मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास राहिले, आणि २०२० च्या अम्फानमध्ये काही डझन. सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून उभं केलेलं स्वयंसेवकांचं जाळं सत्तरच्या दशकापासून टिकलंय. गावातलाच माणूस झेंडा चढवतो, भोंगा घेऊन दारोदार फिरतो. १९९१ मध्ये पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या होत्या, कारण अनेकींना घर सोडून परक्या गर्दीत निवाऱ्याला जाणं अवघड होतं. आता स्वयंसेवकांत बायकाही मोठ्या संख्येने आहेत. याला मी पहिल्या दर्जाचा कारभार म्हणेन.

पण वादळ दोन दिवसांचं असतं, बांध बारा महिन्यांचा. किनाऱ्यावरचे मोठे बांध साठच्या दशकात, म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या काळात, बांधले गेले. भरतीचा गाळ शेतात येईना, तो नदीतच साचला, पात्रं उथळ झाली आणि खुलना-जेसोर भागात पावसाचं पाणी तुंबून राहू लागलं. अखेर १९९७ मध्ये भायना बिलात (बिल म्हणजे पाणथळ सखल भाग) लोकांनी स्वतःच बांध फोडला, गाळ आत घेतला. सरकारने हीच रीत नंतर स्वीकारली. गाव पुढे, खातं मागे!

आपल्या रायगडच्या खारपट्ट्यातलं कुणी इथे असेल तर त्यांना हे सांगायला नको: उधाणाने बांधाला खांड पडली की ती लगोलग बुजवायची, नाहीतर प्रत्येक भरतीला ती रुंदावत जाते. मे २००९ मध्ये आयला वादळाने सातखिरा आणि खुलना जिल्ह्यांत अशा खांडी पाडल्या. कित्येक कुटुंबं वर्षाहून जास्त काळ उरलेल्या बांधावर झोपड्या टाकून राहिली. बांध ढाक्याच्या सरकारी जलविकास मंडळाचा. शेजारच्या युनियन परिषदेकडे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडे, ना तेवढा पैसा, ना अधिकार.

नेदरलँड्समध्ये नेमकी इथेच तेराव्या शतकापासूनची सोय आहे. आज तिथे बांध आणि पाणी सांभाळणारी २१ स्थानिक जलमंडळं आहेत. त्यांची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा, तो थेट मंडळाकडे जातो. १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेल्यावर देशाने समुद्राला अडवणारी प्रचंड कामं केली, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला त्यापेक्षा २०१२ चा डेल्टा कायदा महत्त्वाचा वाटतो. त्याने आयुक्तपदाला कायद्याचा आधार दिला, राखीव निधी दिला आणि दर सप्टेंबरात अर्थसंकल्पासोबत संसदेपुढे हिशेब ठेवायला लावला. सरकार पडलं तरी बांधाचं काम थांबत नाही.

तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. जुलै २०२१ मध्ये लिम्बुर्ग प्रांतात गेउलसारख्या लहान नदीने फाल्केनबुर्ग गावात पाणी घातलं. समुद्र अडवणाऱ्या भिंतींचा तिथे काय उपयोग? आणि बांधावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबलेल्या माणसाला, पाणी आलंच तर काय करायचं, हे बांगलादेशातल्या भोला बेटावरच्या कोळ्याइतकं ठाऊक नसतं.

बांगलादेशाने २०१० मध्ये परदेशी मदतीची वाट न पाहता स्वतःच्या तिजोरीतून हवामान निधी काढला, याचं मला कौतुक आहे. पण त्यातून पैसा मिळतो तो एकेका प्रकल्पाला, आणि प्रकल्प संपला की पुढच्या पावसाळ्याची डागडुजी पुन्हा अर्ज-विनंत्यांवर येते. डच सल्लागारांबरोबर आराखडा ढाक्याला आला, पण कर वसूल करणारं जलमंडळ काही आलं नाही. ते आणायचं तर ढाक्यातल्या खात्याला बांधावरचा ताबा आणि पैसा, दोन्ही खाली द्यावं लागेल.