सा लावण्यापूर्वीचा क्षण

विद्यार्थी मित्रहो आणि गुरुजनहो,

मी गायनाचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते बैठकीवर बसणाऱ्या माणसाच्या बाजूने, हे आधीच सांगून ठेवतो. संगीताच्या वर्गात सर्वाधिक वेळा दिली जाणारी आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारी सूचना कोणती, असे कोणी विचारले, तर 'ताठ बस' हे दोन शब्द मी सांगेन. मीही ती वर्षानुवर्षे देत आलो. ती ऐकताच विद्यार्थी छाती पुढे काढतो, कमरेला बाक देतो, हनुवटी उचलतो आणि श्वास धरून ठेवतो. दोन आवर्तने तसा राहतो आणि मग पुन्हा पोक काढून बसतो. गुरूला वाटते, मुलगा आळशी आहे. मुलाला वाटते, आपण तर ताठच बसलो होतो. मुलगा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते, आणि आजचा माझा विषय म्हणजे हे 'वाटणे'.

गाताना शरीर कसे बिघडते याचे निरीक्षण आपल्याकडे नवे नाही. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, देवगिरीस म्हणजे आजच्या दौलताबादेस शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गायकाचे २५ दोष नोंदले आहेत. स्वरातालाचे दोष बाजूला ठेवले, तर उरलेल्यांत दात आवळून गाणारा 'संदष्ट' आहे, सारखा सूं सूं आवाज करणारा 'सूत्कारी' आहे, भयंकर तोंड वासणारा 'कराली' आहे, उंटासारखी मान उंच करणारा 'करभ' आहे, कपाळाच्या आणि गळ्याच्या शिरा फुगवणारा 'झोंबक' आहे, तुंब्यासारखे गाल फुगवणारा 'तुंबकी' आहे आणि मान वाकडी करणारा 'वक्री' आहे. ही यादी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मुले एकमेकांकडे बोट दाखवून हसली. स्वतःकडे मात्र एकानेही बोट दाखवले नाही. यादी अचूक आहे, पण ते निदान झाले. 'मान उंच करू नकोस' एवढ्या सांगण्याने करभाची मान खाली येत असती, तर मला हे व्याख्यान द्यावे लागले नसते.

ती का येत नाही, याचा चिकाटीने शोध घेणारा माणूस गायक नव्हता. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर याचा जन्म १८६९ साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर, विन्यर्ड या गावी झाला. शेक्सपिअरच्या नाटकांतील उतारे रंगमंचावर एकट्याने म्हणून दाखवणे हा त्याचा व्यवसाय होता, आणि ऐन भरात असताना त्याचा आवाज बसू लागला. डॉक्टरांना घशात रोग सापडेना. कार्यक्रमापूर्वी आवाजाला पूर्ण विश्रांती द्या, असे सांगण्यात आले. ती त्याने दिली आणि तरीही कार्यक्रम निम्म्यावर येईपर्यंत घसा पुन्हा बसला. तेव्हा त्याने डॉक्टरांना विचारले, की आरंभी आवाज स्वच्छ होता आणि शेवटी बसला, तर मधल्या वेळात मीच काहीतरी करीत असलो पाहिजे, नाही का? डॉक्टरांनी ते मान्य केले. काय करीत असावा, हे मात्र त्यांना सांगता येईना.

मग त्याने आरसे लावले. साधे बोलताना काही दिसेना, पण उतारा म्हणायला घेताच तीन गोष्टी दिसल्या: डोके मागे ओढले जात होते, स्वरयंत्र खाली दाबले जात होते आणि श्वास तोंडावाटे सूं असा आवाज करीत आत येत होता. शार्ङ्गदेवाचा सूत्कारी तो हाच, असे मला तरी वाटते. पुढे बारकाईने पाहिल्यावर तेच सारे साध्या बोलण्यातही, पण सूक्ष्म प्रमाणात, चालू असल्याचे त्याला आढळले.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोष कळला, उपाय सोपा वाटला. डोके मागे जाते आहे, तर ते पुढे न्यावे. त्याने ते पुढे नेले, निदान नेले असे त्याला ठाम वाटले. आरशात पाहिले, तर डोके मागेच गेलेले होते. वर्षानुवर्षांच्या सवयीने जे वाकडे झाले होते तेच त्याच्या शरीराला सरळ वाटत होते, आणि म्हणून सरळ होण्यासाठी केलेला प्रत्येक प्रयत्न त्याच वाकड्या मापाने मोजला जात होता. ज्या काट्याने तोलायचे तो काटाच खोटा. आपण पट्टी जुळवताना कानावर विश्वास ठेवतो, कारण कानाला तंबोऱ्याचा आधार असतो. मानेला असा कोणताही तंबोरा नसतो.

अलेक्झांडरने काढलेला मार्ग ऐकायला विचित्र आहे. एखादे वाक्य म्हणायचे ठरवायचे आणि ते ताबडतोब म्हणायचे नाही. इच्छा उठताच मान आवळण्याची जी घाई होते, ती तिथेच थांबवायची. मान मोकळी असू दे, पाठ लांब होऊ दे, एवढे मनात धरून ठेवायचे. आणि अगदी शेवटच्या क्षणी पुन्हा ठरवायचे, की वाक्य म्हणावे, की गप्प राहावे, की वाक्याऐवजी नुसता हात उचलावा. तिन्ही वाटा खरोखर खुल्या असल्या, तरच जुनी सवय हातून सुटते, असे त्याला दिसून आले. आवाज परत मिळाला, लोक शिकायला येऊ लागले, १९०४ साली तो लंडनला गेला आणि १९५५ साली निवर्तला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्याची पद्धत आज शिकवली जाते. तिच्या नावाने अनेक मोठे दावेही केले जातात आणि ते सारे मी मान्य करीत नाही. जुनाट पाठदुखीपुरता मात्र भक्कम पुरावा आहे. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५७९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत वर्षअखेरीस नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांतले २१ दिवस दुखत होते, तर या पद्धतीचे २४ पाठ घेतलेल्यांना ३ दिवस. हे रुग्ण कलावंत नव्हते, हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या बैठकीकडे येऊ. सर्वांनी कृपा करून एक बोट, मान डोलावताना डोके जिथून हलते असे वाटते त्या जागी ठेवावे. बहुतेकांची बोटे मानेच्या मागे, खांद्यांजवळ गेली आहेत. खरा सांधा बराच वर, दोन्ही कानांच्या मधोमध आहे. साडेचार ते पाच किलोचे डोके तिथे तोललेले असते. जो ते खांद्यांजवळून हलवतो, तो होकार देतानाही सारी मान पुढे लोटतो. कमरेचेही तसेच. 'कमरेत वाक' असे आपण म्हणतो, पण कमरेत वाकण्याजोगा मोठा सांधा नाही; तो खाली, खुब्यात आहे. मांडी घालून बसताना खुबे आखडलेले असले, की ओटीपोटाचे हाड मागे कलंडते आणि पाठीला पोक येतो, मग छातीने कितीही ओढून धरा. अशा विद्यार्थ्याला ताठ बसायला सांगण्याऐवजी मी त्याच्या बुडाखाली सतरंजीची जाड घडी सरकवतो, म्हणजे गुडघे खुब्यांच्या खाली येतात आणि निम्मे काम कोणीही काही न करता होते. पेटीवाल्यांची अडचण निराळी. डावा हात भात्याकडे, उजवा पट्ट्यांवर आणि नजर गायकाकडे, असे तिघांनी तीन दिशांना ओढलेले ते शरीर असते. त्यांनी निदान पेटीची जागा तरी दर बैठकीत तपासावी. ध्वनिक्षेपकाबद्दल मी अनुभवाने बोलतो. एका श्रोत्याने केलेले माझ्याच मैफलीचे चित्रण मी पाहिले, तेव्हा थोड्या उंच लावलेल्या त्या काठीकडे दोन तास हनुवटी उचलून गाणारा करभ मला समोर दिसला. काठी चार बोटे खाली करा, असे सांगायला मला तोंड होते. ती उंच आहे हे मात्र मला जाणवलेच नव्हते.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी शिकते. तंबोरा जुळला, की सा लावण्यापूर्वी तिची हनुवटी गव्हाच्या दाण्याएवढी वर जाई आणि डावा खांदा तिच्या पाठोपाठ उचलला जाई. मध्य सप्तकात ते खपून जाई. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आवाज चिमटल्यासारखा होई. मी तिच्या बाजूला एक आरसा ठेवला आणि सांगितले, की सा लावायचे ठरव, श्वास येऊ दे आणि लावू नकोस. पहिल्या दिवशी न गाता देखील हनुवटी उचलली गेली. गाणे सुरू होण्यापूर्वीच दोष सुरू झालेला होता. आठवड्याहून अधिक काळ आम्ही दररोज दहा मिनिटे हेच केले. कधी ती गायली, कधी गप्प राहिली, कधी तिने नुसती तंबोऱ्याची तार छेडली. तिची आई एकदा दारातून डोकावून, आज गाणे नाही का, असे विचारून गेली. नवव्या की दहाव्या दिवशी मान न हलता सा लागला, साधाच, पण मोकळा. मी मान डोलावली, तर ती कुरकुरली: "सर, पण मी केवढी पुढे वाकून गातेय!" मी आरशाकडे बोट दाखवले. तिचे डोके खांद्यांवर अगदी नीट तोललेले होते. ती आरशाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आरसा तिरका ठेवलाय का?"