बुडालेल्या माणसाचा फोटो

नमस्कार श्रोतेहो. आज फोटोंबद्दल बोलायचंय, आणि तेही रेडिओवर. बघायची गोष्ट ऐकवायची, म्हणजे जरा गंमतच. पण ज्या फोटोंबद्दल मी बोलणार आहे ते आधी कुणाच्या तरी डोक्यात तयार होतात, कॅमेरा फार नंतर येतो. त्यामुळे ते ऐकवता येतील असा माझा भरवसा आहे.

कॉन्सेप्च्युअल फोटोग्राफी म्हणतात याला. मी आपला साधा शब्द वापरतो, रचलेला फोटो. समोर घडलं आणि टिपलं, तर तो टिपलेला फोटो. मनात काही साचलंय, पण ते बाहेर कुठेच घडत नाही, म्हणून घडवून आणलं आणि मग टिपलं, तर तो रचलेला फोटो. टिपलेला आणि रचलेला. एवढं लक्षात असू द्या.

आता गोष्ट. ही मी इतक्यांदा सांगितलीय की घरचे पहिल्या वाक्यालाच उठून जातात. तुम्ही बसा.

साल १८३९. फ्रान्सच्या अर्थखात्यात एक कारकून होता, इपोलित बायार. माझं जुनं मत आहे, जगातली निम्मी कला कचेरीत कंटाळलेल्या माणसांनी केलेली आहे. असो. या बायारने कागदावर थेट फोटो उमटवायची स्वतःची रीत शोधून काढली. जून १८३९ मध्ये त्याने ३० फोटो लोकांसमोर मांडलेसुद्धा. पण त्याच सुमारास दागेर नावाचे गृहस्थ चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्रं उमटवत होते, आणि दागेरच्या पाठीशी होते फ्रान्स्वा अरागो, मोठे शास्त्रज्ञ आणि संसदेतलं वजनदार प्रस्थ. त्यांनी बायारची समजूत घातली, जरा थांबा, इतक्यात गाजावाजा नको. बायार थांबला. गाजावाजा दागेरचा झाला. सरकारने दागेरला वर्षाला ६००० फ्रँकांचं तहहयात पेन्शन दिलं. बायारला सामान घ्यायला म्हणून ६०० फ्रँक. पुन्हा सांगतो. दागेरला ६०००, दर वर्षी. बायारला ६००, एकदाच.

आता हा माणूस कारकून. अर्ज कसा लिहायचा हे त्याला पक्कं ठाऊक असणार, आणि अर्जाचं पुढे काय होतं हेही. त्याने अर्ज केला नाही. त्याने फोटो काढला.

ऑक्टोबर १८४०. बायार स्वतःच कॅमेऱ्यापुढे बसला. कमरेच्या वर उघडा, खाली पांढरं कापड गुंडाळलेलं. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर, डोळे मिटलेले. त्या काळी फोटोला मिनिटांच्या हिशेबात प्रकाश द्यावा लागे, तेवढा वेळ हलायचं नाही. डोळे उघडे ठेवून हे जमणं कठीण. मेलेल्या माणसाला मात्र डोळे मिटायची मुभा असते. अडचणीतूनच त्याने भूमिका काढली, हे मला फार आवडतं.

फोटोच्या पाठीवर त्याने मजकूर लिहिला. त्याचा आशय असा: तुम्ही बघताय ते प्रेत बायारचं आहे, याच प्रक्रियेचा शोध लावणाऱ्याचं. सरकारने दागेरला भरभरून दिलं, बायारसाठी काही करता येत नाही म्हणाले, म्हणून बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला. प्रेत कितीतरी दिवस शवागारात पडून आहे, कुणी ओळखायलाही आलं नाही. आणि मंडळी, आता पुढे चला, नाहीतर वास येईल. चेहरा आणि हात काळे पडायला लागलेत, दिसतंय ना?

खरोखरच दिसतात. चेहरा आणि हात उन्हाने रापलेले, त्यात त्या रसायनांना तांबूस रंग नीट दिसत नसे, म्हणून ते फोटोत काळे उतरले. फोटोचा दोष, पण त्याने मजकुरात कुजणं म्हणून वापरून घेतला. हा बुडालेला माणूस त्यानंतर जवळजवळ ४७ वर्षं जगला, १८८७ मध्ये गेला.

फोटोग्राफी जाहीर होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, आणि एका माणसाने तिच्याकडून कविता करून घेतली. घडलेलं काहीच नाही. अपमान मात्र खरा. रचलेला फोटो म्हणजे हेच, प्रसंग खोटा आणि दुखणं खरं.

बाकीचं झटपट सांगतो, घड्याळ बघतोय. आधी भावना ठरवा, मग तिला एखादी वस्तू शोधा, शेवटी कॅमेरा. भावना, वस्तू, कॅमेरा. चेमा मादोझ या स्पॅनिश फोटोग्राफरने एक शिडी आरशाला टेकवून ठेवली. बस, एवढंच. ती शिडी आरशात शिरून पलीकडे निघालेली दिसते. वाळलेला गुलाब आणि तडा गेलेली काच मात्र कृपा करून आणू नका, त्यांना आता निवृत्त होऊ द्या. आणि फोटोखाली ‘एकटेपणा’ असं लिहू नका. विनोद सांगून झाल्यावर तो समजावणारे लोक असतात ना, तसं होतं ते.

शब्द नकोतच, असं नाही. अमेरिकेचे डुएन मायकल्स फोटोखाली स्वतःच्या हाताने लिहायचे. एका फोटोत बिछान्यावर एक जोडपं बसलंय, तिने त्याला मागून मिठी मारलीय. खाली लिहिलंय ते साधारण असं, की हा माझा पुरावा, त्या दुपारी आमचं अजून छान चाललं होतं, तिचं माझ्यावर प्रेम होतं, तुम्हीच बघा. आता मला सांगा, इतका पुरावा कोण देत बसतं? अक्षरं वाचली आणि फोटोतली मिठी मला सैल वाटायला लागली.

अरे हो, बायारच्या फोटोतलं एक राहिलंच. त्याच्या शेजारी एक मोठी गवती हॅट टांगलेली आहे. नीट, व्यवस्थित. जीव द्यायला निघालेल्या कारकुनाने हॅट भिजू दिलेली नाही.

नमस्कार.