मंजुरी आली, पैसे नाहीत

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. फोडलेलं पाकीट, शेजारी औषधांच्या बाटल्या.)

निवेदन:

पत्र अपंगत्वाच्या मासिक भत्त्याच्या मंजुरीचं आहे. हा माणूस आता काम करू शकत नाही, हे अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने मान्य केलंय. घरात जरा हायसं वाटतं. मग कुणीतरी खालच्या तारखा वाचतं.

नियम असा, की भत्ता सुरू होण्याआधी पाच पूर्ण महिने थांबायचं. समजा, काम सुटलं 15 मार्च 2023 ला. मार्च अर्धा गेलेला, म्हणून तो धरायचाच नाही. एप्रिल ते ऑगस्ट, पाच पूर्ण महिने कोरडे. हक्क सुरू सप्टेंबरपासून, आणि सप्टेंबरचे पैसे हातात पडणार ऑक्टोबरात. अर्जाचा निकाल उशिरा लागला तर मागची थकबाकी मिळते. हे पाच महिने मात्र गेले ते गेलेच.

(दृश्य: कॅलेंडरची पानं उलटतात.)

आणि दवाखान्याचा खर्च? मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, हक्क सुरू झाल्यावर आणखी 24 महिन्यांनी. म्हणजे थेट सप्टेंबर 2025. पाच अधिक चोवीस, एकोणतीस.

1956 मध्ये ही भत्त्याची योजना आली तेव्हा सहा महिने थांबावं लागायचं. 1972 च्या दुरुस्तीने त्याचे पाच केले, आणि त्याच कायद्याने अपंगांसाठी मेडिकेअरचं दार उघडलं, वर दोन वर्षांचं कुलूप घालून. खर्च आटोक्यात राहावा, थोड्या काळात बरे होणारे आपोआप गाळले जावेत, हा हिशेब. कागदावर चोख आहे. पण त्या दोन वर्षांत गोळ्या काय उधारीवर घ्यायच्या?

कोब्रा नावाच्या कायद्याखाली, नोकरी सुटली तरी कंपनीचा जुना विमा सहसा 18 महिने चालवता येतो. अपंगत्व ठरलं तर 29. आकडा ओळखीचा वाटतोय ना? पण त्या जादा अकरा महिन्यांसाठी पूर्ण हप्त्याच्या दीडपट रक्कम आकारता येते. तीही पगार बंद असताना.

(दृश्य: चाकाची खुर्ची, हातावर थरथरणारा पेला.)

एएलएस नावाचा आजार. स्नायू गळत जातात, मग बोलणं, गिळणं, श्वास. या रुग्णांना मेडिकेअरसाठीच्या चोवीस महिन्यांतून 2001 साली सूट मिळाली. पाच महिन्यांची अट उठायला डिसेंबर 2020 उजाडला.

शरीरभर पसरलेल्या कर्करोगाची फाईल तातडीची म्हणून पुढे सरकते, निकाल लवकर लागतो. महिने तरीही पाच मोजतात.